दाढेच्या नावाने अर्धा तास

मला फक्त अर्धा तास शांतता हवी होती. बंगला नको, गाडी नको, परदेशवारी नको. भांडुपमध्ये, स्वतःच्या घरात, एका बुधवारी अकरा ते साडेअकरा कोणी काही ठोकू नये, मिक्सर लावू नये आणि तिसऱ्या मजल्यावरून खालच्या भाजीवाल्याला हाका मारू नयेत, एवढीच माझी मागणी होती. ती मी कोणापाशी बोललो नसतो तर कदाचित आपोआप पुरीही झाली असती. पण मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे रीतसर गेलो.

आधी शांतता कशासाठी, ते सांगतो. कांजूरमार्गला आमची कंपनी आहे. लोक हॉस्पिटलातून घरी आले की मेडिक्लेमचे कागद पाठवतात आणि ते कागद बरोबर आहेत की नाहीत हे आम्ही तपासतो. हे काम मी बारा वर्षं करतोय. या बारा वर्षांत नवीन आलेला प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी पहिल्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीत आणून बसवली गेली. ‘सहदेवकडे बस, तो शिकवेल.’ मी शिकवतो. महिन्याभरात ते पोर तयार होतं, वर्षभरात माझ्या पुढे जातं आणि आणखी वर्षभराने मला मेल पाठवून विचारतं की, तुमचं कालचं काम अजून का राहिलंय?

माझा सध्याचा मॅनेजर अनिरुद्ध याच खुर्चीतून वर गेला. सुरुवातीला तो मला ‘सर’ म्हणायचा. त्याला पहिली बढती मिळाली तेव्हा मी ‘सहदेवजी’ झालो. हल्ली नुसता ‘सहदेव’. आमच्याकडे सगळेच सगळ्यांना नावाने हाक मारतात, ते आधुनिक आहे, मला मान्य आहे. पण एकदा ‘सर’ ऐकलेल्या कानाला ते लागतं. मी हे सुगंधाला, म्हणजे माझ्या बायकोला, एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, “घरात मी तुम्हाला ‘अहो’ म्हणते ना, त्यात भागवा.”

अशात कंपनीच्या पोर्टलवर एक जागा निघाली. ट्रेनर. नवीन लोकांना काम शिकवायचं. म्हणजे इतकी वर्षं जे मी खुर्ची सरकवून, स्वतःचं काम मागे ठेवून करत होतो, त्याला आता पद होतं आणि नावापुढे लिहायला शब्द होता. फक्त आतल्याच लोकांनी अर्ज करायचे होते. मी केला. दोन दिवसांनी उत्तर आलं. पुण्याच्या ऑफिसातून एचआरच्या अक्षता नावाच्या बाई बुधवारी अकरा वाजता फोनवर अर्धा तास बोलतील. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की, या कॉलमध्ये पुढे गेलात तरच तुमच्या मॅनेजरला कळवलं जाईल, नाहीतर ही गोष्ट गुप्त राहील.

ही बारीक अक्षरं मला फार आवडली. कारण नापास होण्याची मला भीती नव्हती. माणूस नापास होतो, घरी येतो, जेवतो. भीती होती ती नापास झाल्याचं अनिरुद्धला कळण्याची. मग तो दयाळू चेहरा करून माझ्या टेबलाशी उभा राहणार, खांद्यावर हात ठेवणार आणि म्हणणार, “इट्स ओके, सहदेव.” आणि त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी त्याच टेबलाशी बसणार. ते मला झेपलं नसतं.

आता यात मेख अशी की, अनिरुद्धची सख्खी मावशी आमच्याच सोसायटीत राहते. राधाकाकू. आम्ही ए विंगमध्ये, त्या बी विंगमध्ये, आणि आमच्या दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर. मधे एवढीशी गल्ली. त्यांच्याकडे कुकरची कितवी शिट्टी झाली ते आमच्याकडे कळतं. राधाकाकूंचा स्वभाव प्रेमळ आहे, पण मला बघितलं की त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात एक हसू येतं. गेली काही वर्षं येतं. मी शर्टाची बटणं तपासतो, काही सापडत नाही.

ऑफिसात मला बुधवारी अर्धी सुट्टी हवी होती. कारण काय देणार? अनिरुद्धच्या केबिनसमोर उभा असताना तोंडातून निघून गेलं, “दाढ काढायची आहे.”

“ओह! टेक केअर, सहदेव,” तो म्हणाला.

आणि तयारी सुरू झाली. माझी मुलगी जान्हवी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि असल्या मुलाखतींतलं तिला सगळं कळतं. तिने मला सोफ्यावर बसवलं, स्वतः समोर खुर्ची घेतली आणि म्हणाली, “बाबा, एक किस्सा लागतो. अडचण काय होती, तू काय केलंस, शेवट काय झाला. शिकवायला कठीण असलेला एखादा माणूस आठव.”

आठवायची गरजच नव्हती. अनिरुद्ध! पहिल्या महिन्यात त्याच्याइतका तापट मुलगा मी पाहिला नव्हता. काही अडलं की कीबोर्ड आपटायचा. दुसऱ्याच आठवड्यात त्याने एका गृहस्थांच्या नावावर बाळंतपणाचा क्लेम मंजूर करून टाकला. पॉलिसी नवऱ्याची आणि पेशंट बायको, यातला फरकच त्याला समजला नव्हता. ते गृहस्थ फोन करून म्हणाले, “सध्या तरी माझी तब्येत बरी आहे.” मी ते निस्तरलं, कोणाला कळू दिलं नाही, आणि पुढे रोज संध्याकाळी त्याला बाजूला घेऊन जुने कागद दाखवत राहिलो. न ओरडता. महिन्याभरात गडी सुधारला.

मी हे सगळं जान्हवीला सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “मस्त आहे. पण या किश्शात तू कुठेयस?”

“मी बाजूच्या खुर्चीत.”

“बाबा! तू हीरो आहेस यात. ‘मी शिकवलं’ असं ठासून म्हण ना.”

हेच जमत नव्हतं. शेजारचा अंबादास बँकेत अधिकारी आहे, बढतीचे चार इंटरव्ह्यू देऊन बसलाय, आणि या प्रकरणात बाहेरचा असा तो एकटाच माझ्या विश्वासातला होता. तो म्हणाला, “हे बघ, तिथे स्वतःची तारीफ करावी लागते. करशील?”

“करेन की.”

“आत्ता कर. माझ्यासमोर.”

मी घसा साफ केला. पाणी प्यायलो. म्हटलं, “तसं काम बरं जमतं, असं लोक म्हणतात.”

“वाट लागली,” अंबादास म्हणाला.

तरी आठवडाभर मी घोकत होतो. आंघोळ करताना, इस्त्री करताना, रात्री कुशीवर वळताना. झोप उडाली ती उडालीच. सुगंधा म्हणाली, “झोपेत मला विचारलंत, तुमचं बलस्थान काय? मी सांगितलं, सहनशक्ती. मग घोरायला लागलात.”

हे चालू असतानाच घरातली शांतता गेली. आमच्या डोक्यावर राहणाऱ्या देवदत्तने बाथरूमच्या टाइल्स बदलायला काढल्या. सकाळी दहाला त्याच्याकडचं ड्रिल सुरू व्हायचं आणि आमच्या भिंतीवरची घड्याळंसुद्धा तिरकी व्हायची. पहिल्याच दिवशी त्या कामगारांनी इंटरनेटची वायर कापली. म्हणजे कॉल साध्या मोबाइलवर घेणं आलं. आणि मोबाइलला आमच्या घरात रेंज एकाच ठिकाणी मिळते, ती म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीत, ग्रिलच्या डाव्या कोपऱ्यात, मिठाच्या बरणीला टेकवून. फोन उचलून कानाला लावला की गेली रेंज. त्यामुळे स्पीकर लावूनच बोलावं लागतं. एरवी खाली रिक्षा, वर मिक्सर, समोर टीव्ही, त्यामुळे कोण काय बोलतंय ते कोणाला कळत नाही. हा मुद्दा त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही. यायला हवा होता.

मी देवदत्तकडे गेलो. तो म्हणाला, “दादा, मी थांबवतो रे, पण कामगार माझं ऐकत नाहीत. सोसायटीची नोटीस असली तर ऐकतील.” म्हणून मी भाऊरावांकडे गेलो.

भाऊराव आमचे सेक्रेटरी. सरकारी कार्यालयातून निवृत्त झाले, पण कार्यालय त्यांच्यातून झालं नाही. मी म्हटलं, “बुधवारी अकरा ते साडेअकरा शांतता ठेवावी, अशी छोटी नोटीस लावाल का?”

“कारण?”

“वैयक्तिक आहे.”

“तावडे, वैयक्तिक कारणासाठी सार्वजनिक शांतता ठेवता येत नाही. उद्या कोणीही उठून शांतता मागेल. कारण लिहावं लागेल.”

खरं कारण फळ्यावर लागलं असतं तर ते राधाकाकूंनी वाचलं असतं आणि दुपारपर्यंत कांजूरला पोचलं असतं. माझ्याजवळ तयार कारण एकच होतं. मी म्हटलं, “दाढ काढतोय. विश्रांती हवी.” एकच थाप दोन ठिकाणी मारली की ती निम्मी खरी वाटायला लागते. मला तर गालात थोडं ठणकल्यासारखंही झालं.

संध्याकाळी फळ्यावर नोटीस लागली आणि सोसायटीच्या ग्रुपवरही आली. ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, ए विंगमधील सभासद श्री. सहदेव तावडे यांची दाढ बुधवारी काढण्यात येत असून, त्यांना विश्रांतीची आवश्यकता असल्याने सदर दिवशी सकाळी अकरा ते साडेअकरा या वेळेत कोणीही कोणत्याही प्रकारचा आवाज करू नये. साडेअकरानंतर आवाज करण्यास हरकत नाही.’

माझ्या लग्नाची पत्रिका इतक्या लोकांनी वाचली नव्हती. बुधवारपर्यंत मी जिना चढू की उतरू अशी परिस्थिती झाली. कोणाची कुठली दाढ कधी गेली, कोणाचा डॉक्टर चांगला आणि कोणाचा खाटीक, हे सगळं मला सक्तीने ऐकावं लागलं. तळमजल्यावरचे गुणाजीकाका गिरणीतून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीचे. त्यांनी मला अडवून तोंड उघडायला लावलं. “खयची ती?” मी घाईत एका दाढेवर बोट ठेवलं. ते बराच वेळ बघत राहिले. “चांगली आसा रे ही! कित्याक काढतंस? लवंगेचा त्याल लाव.” दाढेची इतकी काळजी कोणी घेतली तर माणूस हळवा होतो. मी झालो. आणि त्याचबरोबर मला पळून जावंसं वाटत होतं.

बुधवार उजाडला. सुगंधा कामावर गेली, जान्हवी कॉलेजला. जाताना सुगंधा बजावून गेली, “कोणी आलं तरी दार उघडू नका.” मी इस्त्रीचा शर्ट घातला. कॉल नुसत्या आवाजाचा होता, पण जान्हवीचं म्हणणं, शर्टाने आवाजात फरक पडतो. खाली लेंगाच ठेवला. हॉल ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते हॉल अशा फेऱ्या मारत मी ‘माझं बलस्थान’ म्हणत होतो, तेवढ्यात बेल वाजली. मी दार उघडलं. आयुष्यभराची सवय.

दारात राधाकाकू. हातात झाकण ठेवलेलं स्टीलचं पातेलं.

मी एका हाताने दार धरलं आणि दुसऱ्या हाताने गाल. “थांबा हं,” असं काहीतरी पुटपुटून आत पळालो, औषधांच्या डब्यातला कापूस गालात कोंबला, आणि सुगंधाची ओढणी हनुवटीखालून डोक्यावर बांधून बाहेर आलो.

“बोलू नकोस,” काकू म्हणाल्या. “अनिरुद्धने सांगितलं मला फोनवर. मऊ पेज आणलीय, तूप घालून. एवढा चांगला शर्ट कशाला घातला होतास रे दवाखान्यात जायला? बरं, पातेलं दे मला रिकामं करून, मला दूध तापवायला लागतं.”

पेज मी दुसऱ्या भांड्यात ओतली, पातेलं घासलं, आणि हात थबकला. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आमच्या घरातली शिस्त. आईने लावलेली, सुगंधाने चालवलेली. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. साखरेचा डबा कुठे असतो हे मला माहीत असायला हवं, पण सुगंधा डबे हलवते. एकात रवा निघाला, दुसऱ्यात मेतकूट. घड्याळात अकराला पाच मिनिटं. तिसऱ्या डब्यात चकल्या होत्या. सुगंधाच्या बहिणीने पाठवलेल्या, दगडासारख्या, महिनाभर कोणी हात न लावलेल्या. मी मूठभर पातेल्यात टाकल्या आणि काकूंच्या हातात दिलं.

काकूंनी झाकण उघडलं. चकल्यांकडे पाहिलं, माझ्या ओढणीकडे पाहिलं. आणि ओठांच्या कोपऱ्यात तेच हसू. “बरं हो,” म्हणाल्या आणि गेल्या.

मी ओढणी सोडली, कापूस थुंकला आणि फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा राहिलो. अकरा वाजले. आणि आमची नवसाफल्य सोसायटी गप्प झाली.

एवढी शांतता मी भांडुपमध्ये कधी ऐकली नव्हती. वरचं ड्रिल बंद. मिक्सर बंद, टीव्ही बंद. भाऊराव हातात शिट्टी घेऊन खाली गल्लीत फिरत होते आणि भाजीवाल्याला बोटाने गप्प करत होते. मला भरून आलं. आणि फोन येईना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझी शांतता वाया चालली होती. शेवटी सव्वा अकराला फोन वाजला आणि तो दोन्ही विंगांत वाजला.

“हाय सहदेव, सॉरी, आधीचा कॉल लांबला,” अक्षताबाई इंग्रजीत म्हणाल्या. आवाज तरुण होता. “स्वतःबद्दल सांगाल?”

जान्हवीने पाठ करून घेतलेलं मी धडाधड इंग्रजीत म्हटलं. माझाच आवाज समोरच्या भिंतीवर आपटून मला परत ऐकू येत होता. मग त्यांनी विचारलं, “शिकवायला कठीण गेलेल्या कोणाचं उदाहरण देता येईल?”

“येस,” मी म्हटलं, आणि सुरू केलं. एक नवा मुलगा होता. नाव सांगत नाही. फार रागीट, कीबोर्ड आपटायचा. आणि त्याने एकदा एका गृहस्थांच्या नावावर बाळंतपण टाकलं…

कुर्रकन् काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मी वर बघितलं. समोरच्या खिडकीत राधाकाकू उभ्या होत्या. हातात अर्धी चकली, डोळे माझ्यावर. त्यांच्या वरच्या खिडकीत कोणी, शेजारच्या खिडकीत कोणी. सगळी बी विंग अत्यंत शिस्तीत, शब्दही न बोलता, खिडकीत उभी राहून माझी विश्रांती बघत होती.

“हॅलो?” फोनमधून आलं. “मग तुम्ही काय केलंत?”

खोटं बोलायला जागा नव्हती आणि खरं बोलायला तोंड नव्हतं. तेवढ्यात काकू कडाडल्या.

“सहदेव! हा आमचा अनिरुद्ध का रे?”

“कोण बोलतंय?” फोनमधून.

“बाळंतपणाची ती गोष्ट त्याने घरी सांगितलीय मला!” काकू म्हणाल्या. “पण ती चूक तू केलीस, असं सांगितलं होतं! आणि निस्तरली त्याने! इतकी वर्षं तुला बघितलं की मला तेच आठवतं रे. गृहस्थाचं बाळंतपण करणारा माणूस, म्हणून मी मनात हसत होते!”

ते हसू! म्हणजे ते त्यासाठी होतं. मला आधी राग आला. मग इतका राग आला की भीती निघूनच गेली. मी ज्याची चूक झाकली, त्याने ती माझ्या नावावर टाकून मावशीला ऐकवली होती. मी मराठीतच म्हटलं, “नाही काकू. चूक त्याची. निस्तरली मी. आणि त्याला मीच शिकवलं.”

“मीच शिकवलं” हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. कुठल्यातरी खिडकीतून अंबादासचा आवाज आला, “शाब्बास!” बँकेतून तोही सुट्टी घेऊन आला होता, हे मला तेव्हा कळलं.

“मग बरोबर,” काकू म्हणाल्या. “त्याला पाढे शिकवताना मी हात टेकले होते. पाटी फोडायचा. त्याला शिकवणारा माणूस कोणालाही शिकवेल. बाई, कोण बोलताय तुम्ही? काय द्यायचंय ते याला देऊन टाका.”

मग अक्षताबाई चक्क मराठीत म्हणाल्या, “काकू, मी नाव ऐकलं नाही असं समजते हं. सहदेव, तुम्ही ऑफिसात आहात का?”

“घरी आहे,” मी म्हटलं. “भांडुपला.”

“माका पण मोबाइल ह्येनाच शिकवल्यान!” खालून गुणाजीकाका ओरडले. “वरीस झाला! माका अजून येणा नाय, पण हो काय शिकवचा सोडणा नाय!”

“हे कोण?”

“हे आमचे काका.”

“त्यांना खरंच अजून येत नाही?”

“फोन उचलता येतो. बंद करता येत नाही,” मी म्हटलं. “करतील हळूहळू.”

“अरे पण सहदेव,” काकूंना एकदम आठवलं, “तुझी दाढ काढलीय ना? एवढं बोलतोस कसा?”

याचं उत्तर द्यायची वेळ माझ्यावर आली नाही. खाली भाऊरावांनी घड्याळ बघितलं आणि शिट्टी फुंकली. साडेअकरा. आवाज करण्यास हरकत नव्हती. डोक्यावर ड्रिल सुरू झालं, तीन मिक्सर लागले, टीव्ही लागले, भाजीवाला अर्ध्या तासाचं साचलेलं ओरडू लागला. त्यात अक्षताबाई काहीतरी विचारत होत्या. मी ग्रिलला कान लावला.

“शेवटचा प्रश्न! तुम्हाला ही जागा का हवी आहे?”

याचं उत्तर जान्हवीने लिहून दिलं होतं. त्यात ‘संस्थेची उद्दिष्टं’ होती. त्या गोंगाटात मला त्यातला एक शब्द आठवेना. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, “कारण मी बारा वर्षं हेच करतोय! माझ्या खुर्चीशेजारी बसून गेलेली पोरं आज साहेब आहेत! मला त्यांचा राग नाही! पण मी शिक्षक आहे, हे एकदा तरी…”

नेमकं ड्रिल थांबलं. वर त्यांच्या टाइलला तडा गेला होता, हे नंतर कळलं.

“…कोणीतरी म्हणावं,” माझं वाक्य संपलं, आणि ते दोन्ही विंगांनी ऐकलं.

कोणी काही बोललं नाही. या खेपेला नोटीस नसतानाही. मी मिठाच्या बरणीकडे बघत उभा राहिलो. मला लाज वाटत होती आणि हलकंही वाटत होतं. अक्षताबाई म्हणाल्या, “थँक यू, सहदेव. कळवते मी,” आणि फोन बंद झाला. मी तसाच लेंग्यात बसून तुपाची पेज प्यालो. गार झाली होती, पण चांगली होती. पेजेबरोबर डब्यातल्या उरलेल्या दोन चकल्याही खाल्ल्या, रागाच्या भरात.

संध्याकाळी सुगंधाला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “काकूंना चकल्या दिल्यात? माझ्या बहिणीच्या?”

दोन दिवस मी ऑफिसात चोरासारखा वावरलो. तिसऱ्या दिवशी मेल आली. मी पुढच्या फेरीत होतो. आणि नियमाप्रमाणे तीच मेल अनिरुद्धलाही गेली होती. तो केबिनमधून बाहेर आला, माझ्या टेबलाशी उभा राहिला, आणि बऱ्याच वर्षांनी शेजारची खुर्ची ओढून बसला.

“मावशीचा फोन आला होता,” तो म्हणाला. “तासभर.”

मी समोरचे कागद सरळ केले.

“पाढ्यांचं पण सांगितलं तिने? एचआरला?”

“हो. पाटीचं पण.”

त्याचा चेहरा पडला. कीबोर्डवर बोटं फिरवत तो थोडा वेळ बसला. आपटला नाही. मग म्हणाला, “ते बाळंतपणाचं… मी घरी उगाच तसं सांगितलं. तेव्हा नवीन नोकरी होती. लाज वाटली.”

“झालं ते झालं,” मी म्हटलं. मला चांगलं खडसवायचं होतं, पण शेजारच्या खुर्चीत बसलेल्या पोरावर मला ओरडता येत नाही, ती माझी खोड आहे.

“पुढची फेरी कुठून देताय?”

“घरूनच देईन म्हणतो. नोटीस लावायला भाऊराव तयार आहेत.”

“नको, नको!” तो उठलाच. “इथली मीटिंग रूम मी बुक करतो तुमच्यासाठी. दार बंद होतं. एकदम शांत असते.” ज्या शांततेसाठी मी अख्खी सोसायटी पालथी घातली होती, ती माझ्या टेबलापासून चार पावलांवर होती, आणि ज्याच्यापासून लपवत होतो त्याच्याकडेच तिची किल्ली होती. मी ‘बरं’ म्हटलं.

पुढच्या फेरीत काहीही घडलं नाही. खोली शांत होती, प्रश्न सोपे होते, आणि “मीच शिकवलं” असं मी दोनदा म्हणालो. महिनाअखेरीस पत्र आलं. ट्रेनर. पुढच्या महिन्यापासून. सोसायटीच्या ग्रुपवर भाऊरावांनी अभिनंदनाची नोटीस टाकली आणि खाली कंसात लिहिलं की, दाढेबाबतची पूर्वीची नोटीस रद्द समजण्यात यावी. राधाकाकूंनी पातेलंभर खीर पाठवली. सुगंधाने पातेलं परत देताना त्यात काय घातलं, ते मला विचारायची हिंमत झाली नाही.

सगळं असं छान असताना एका रात्री माझी दाढ दुखायला लागली. खरीच. डॉक्टर म्हणाले, काहीतरी फार कडक चावलंय, चीर गेलीय, काढावी लागेल. बुधवारीच या.

मी अनिरुद्धच्या केबिनसमोर गेलो. गाल टम्म सुजलेला, ओठ नीट हलत नव्हते. म्हटलं, “बुधवारी अर्धी सुट्टी हवी आहे. दाढ काढायचीय.”

त्याने कॉम्प्युटरवरून मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिला. मग उठून दार लावून घेतलं, मला खुर्ची दिली, आणि काळजीच्या आवाजात म्हणाला, “सर, असं करू नका. आत्ता कुठे पद मिळालंय. खरं सांगा, कुठल्या कंपनीचा कॉल आहे?”